पात्र सोळाचं, हाडं एकोणतिसाची

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा राहायला आला होता. वय चौदा, इयत्ता नववी. आवाज नुकताच फुटायला लागलेला, ओठावर मिसरुडाची पुसट रेघ, आणि जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट ऑक्टोबरमध्येच पायाला लागू लागलेले. एका संध्याकाळी मी त्याला माझी आवडती जुनी अमेरिकन मालिका दाखवायला बसवलं, 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०'. पंधरा मिनिटं त्याने गुपचूप पाहिलं आणि मग विचारलं, "मावशी, हे सगळे खरंच अकरावीतले आहेत?" मी हो म्हटलं. तो काही बोलला नाही. रात्री दात घासताना मात्र बराच वेळ आरशासमोर उभा होता, हनुवटी चाचपत.

त्या हनुवटीसाठी हा लेख लिहितेय. कारण मी त्याला दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

ही मालिका ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यातली जुळी भावंडं, ब्रँडन आणि ब्रेंडा, सोळा वर्षांची दाखवली होती. ब्रँडन झालेला जेसन प्रीस्टली तेव्हा २१ वर्षांचा होता, ब्रेंडा झालेली शॅनन डोहर्टी १९ची. त्यांचा वर्गमित्र स्टीव्ह, म्हणजे इयान झीरिंग, २६चा. आणि शाळेच्या वर्तमानपत्राची हुशार संपादक अँड्रिया साकारणारी गॅब्रिएल कार्टेरिस होती २९ वर्षांची! पुढे १९९८ साली 'डॉसन्स क्रीक' आली, त्यातली पात्रं पंधराची, आणि डॉसन झालेला जेम्स व्हॅन डर बीक विशीचा. यामागे साधं व्यावहारिक कारण आहे. कॅलिफोर्नियात अठराखालच्या कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, सेटवर अभ्यासाचे तासही ठेवावे लागतात. वयाने मोठा नट दिवसभर उभा राहू शकतो.

आता वीस आणि पंधरा यांत फरक तो काय, पाचच वर्षं, असं वाटेल. पण आयुष्यातली ही पाच वर्षं इतर कुठल्याही पाच वर्षांसारखी नसतात. तान्हेपण सोडलं तर शरीर इतक्या वेगाने पुन्हा कधीच वाढत नाही. आणि या सगळ्या उलथापालथीची सुरुवात ज्या पद्धतीने होते, ती जीवशास्त्रातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट आहे.

वयात येणं म्हणजे हार्मोन वाढणं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण हार्मोनना वाढायला सांगतं कोण? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथल्या काही मोजक्या चेतापेशी जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात. मेंदूत अब्जावधी चेतापेशी असतात, आणि या अवघ्या काही हजार. गंमत म्हणजे त्यांचा जन्म मेंदूत होतच नाही. गर्भात त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि तिथून चालत मेंदूत येतात. काही जणांत हा प्रवास अर्धवट राहतो. अशा व्यक्तीला बऱ्याचदा वास येत नाही आणि ती आपणहून वयातही येत नाही. डॉक्टर याला कालमन सिंड्रोम म्हणतात.

जीएनआरएच खालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप देतं, पीयूषिका अंडाशयाला किंवा वृषणांना, आणि तिथे इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन तयार होतात. इथवर पाठ्यपुस्तक. खरी मजा निरोप देण्याच्या पद्धतीत आहे. १९७८ साली पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केला. ज्या माकडिणींच्या मेंदूतून हे रसायन येणं बंद केलेलं होतं, त्यांना ते बाहेरून दिलं. तासातून एकदा, काही मिनिटं दिलं तेव्हा पीयूषिका व्यवस्थित कामाला लागली. तेच रसायन सलग, अखंड दिलं तेव्हा पीयूषिका ठप्प झाली. सतत दिलं तर बंद, थांबून थांबून दिलं तर सुरू! दाराची बेल कुणी मधूनमधून वाजवली तर आपण उठून दार उघडतो. बेल दाबूनच धरली तर शेवटी बटण काढून ठेवतो. पीयूषिकेच्या पेशी अक्षरशः हेच करतात, पृष्ठभागावरचे ग्राही, म्हणजे निरोप पकडणारे रेणू, आत ओढून घेतात. निरोप रसायनात जेवढा आहे, तेवढाच तो ठेक्यात आहे.

दोन वर्षांनी याच गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. वयात न आलेल्या लहान माकडिणींना तासाला एक ठोका दिला, तर त्यांचं पाळीचं चक्र सुरू झालं. ठोके थांबवले, ती पुन्हा बालपणात गेली. म्हणजे अंडाशय तयार होतं, पीयूषिका तयार होती, ठेका तेवढा यायचा होता.

हा ठेका धरतं कोण? त्याचा धागा अगदी वेगळ्याच कामात सापडला. १९९६ साली पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात कर्करोगाचा प्रसार रोखणारं एक जनुक हाती लागलं. गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध, तिथल्या 'किसेस' या चॉकलेटवरून जनुकाचं नाव किस-१ ठेवलं गेलं. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं, की या जनुकापासून बनणाऱ्या किसपेप्टिनचा ग्राही बिघडलेला असेल तर माणूस वयातच येत नाही. किसपेप्टिन बनवणाऱ्या चेतापेशींचा एक गट आणखी दोन रसायनं बनवतो. त्यातलं न्यूरोकायनिन-बी शेजारच्या पेशींना ढोसतं, डायनॉर्फिन त्यांना आवरतं. एकाने चेतवायचं, थोड्या वेळाने दुसऱ्याने दाबायचं. दाब ओसरला की पुन्हा पहिल्याची पाळी. या रस्सीखेचीतून लय जन्मते, आणि लयीच्या प्रत्येक शिखरावर किसपेप्टिन जीएनआरएचच्या पेशींना ठोका देतं. जन्मानंतर काही महिने हा ठेका चालू असतो, मग बरीच वर्षं गप्प, आणि एक दिवस परत सुरू.

दिवस नव्हे, रात्र. सुरुवातीच्या काळात हे ठोके मुख्यतः झोपेत पडतात, हे १९७२ मध्येच रात्रभर रक्ताचे नमुने घेऊन दाखवलं गेलं. दिवसा मूल मूलच असतं. रात्री गाढ झोपेत मेंदू तालीम करत असतो.

आता हाडांकडे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पातळ चकती असते. तिथे नव्या पेशी बनतात आणि हाड लांब होतं. वयात येताना आधी हा वेग झपाट्याने वाढतो. मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांमध्ये चौदाव्याच्या. मग चकतीचंच हाड होतं आणि उंची थांबते. मुलींची उंची इस्ट्रोजेन थांबवतं आणि मुलांची टेस्टोस्टेरॉन, असाच समज होता. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण इस्ट्रोजेनचा ग्राही जन्मतः निकामी. त्याच्या हाडांचं वय भरलं पंधरा! पुरुषांतही चकत्या बंद करतं ते इस्ट्रोजेनच, हे त्या एका माणसामुळे पक्कं झालं. पडद्यावर एकोणतिसाच्या हाडांवर सोळाचं पात्र आणि प्रयोगशाळेत अठ्ठाविसाव्या वर्षी पंधराची हाडं. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला फार आवडतात.

(बारला लोंबकळून, दुधात पावडरी घालून, टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या गोळ्या खाऊन उंची वाढत नाही. चकत्या बंद झाल्या असतील तर कशानेच नाही आणि उघड्या असतील तर पोटभर जेवण, खेळ आणि झोप पुरे. या गोळ्यांवर पैसे घालवणारे आईबाप बघितले की मला मनापासून वाईट वाटतं.)

शरीराचे सगळे भाग एकाच वेळी वाढत नाहीत, हेही महत्त्वाचं. आधी पाऊल, मग पाय, धड त्यानंतर. म्हणून चौदाचा मुलगा सगळा हातापायांचा वाटतो. मुलांचा खालचा जबडा तर अठरा-विसापर्यंत भरत राहतो. पडद्यावरचा रुबाबदार चेहरा म्हणतात तो बराचसा हा भरलेला जबडाच. आणि प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. इंग्लंडमधल्या हार्पेंडेनच्या बालगृहातल्या मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन जेम्स टॅनर यांनी दाखवलं, की अगदी निरोगी मुलांमध्येही वयात येण्याच्या सुरुवातीत चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. आपल्या नववीच्या कुठल्याही वर्गाचा फोटो काढून बघा. मागच्या रांगेत थोराड मुलगा, पुढच्या रांगेत पाचवीतला वाटावा असा. दोघेही ठणठणीत. जुन्या मालिकांच्या वर्गात हा फोटो सापडत नाही. तिथे सगळेच मुक्कामाला पोचलेले.

याने बिघडतं काय? फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. खाण्याच्या विकृतीकडे झुकणारी लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. भरल्या अंगाचं कौतुक असलेल्या समाजातल्या या मुली मुलाखतींत पडद्यावरच्या बायकांसारखं दिसायचं आहे असं सांगत होत्या, आणि त्या बघत असलेल्या परदेशी मालिकांत हीच 'बेव्हर्ली हिल्स' होती. अभ्यास लहान आहे, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुली, आणि त्याही वेगवेगळ्या. एवढ्यावरून टीव्हीच दोषी असं सिद्ध होत नाही. पण मला त्या मुलींमध्ये आरशासमोरचा भाचा दिसतो. तो ज्याच्याशी स्वतःची तुलना करत होता, तो सोळाचा मुलगा अस्तित्वातच नव्हता.

तरीही या मालिका मला प्रिय आहेत, आणि ते नुसतं जुन्या दिवसांचं प्रेम नाही. शरीर चुकलं, पण मन त्यांना कळलं होतं. मित्रांनी जेवणाच्या टेबलावर जागा दिली नाही तर आकाश कोसळल्यासारखं वाटणं खोटं नाही. या वयात मेंदूचा बक्षिसाला आणि बरोबरीच्यांच्या नजरेला प्रतिसाद देणारा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा पुढचा भाग सावकाश घडत असतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये मुलांना गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटी असताना ती मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र बघत असताना धोका पत्करण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं. (मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो हे वाक्य हल्ली सगळीकडे फिरतं. पंचवीस हा काही खटका नाही. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी घडतात आणि बदल पुढेही चालू राहतो.)

मनाच्या बाबतीतही त्रुटी आहेतच. डॉसन आणि त्याच्या मित्रमंडळींना पंधराव्या वर्षी स्वतःच्या भावनांचं जे सफाईदार विश्लेषण जमतं, ते चाळिशीतही अनेकांना जमत नाही. आणि १९९१ मध्ये ब्रेंडाने पहिल्यांदा मित्राशी शरीरसंबंध ठेवले आणि तिला पश्चात्ताप झाला नाही, तेव्हा एवढा गदारोळ झाला की पुढच्या हंगामात तिला गरोदरपणाची भीती दाखवून ते नातंच मोडावं लागलं. तिथे मुलीचं मन मागे पडलं आणि प्रौढांची भीती लिहू लागली.

ज्यांनी खरी वयं घेतली त्यांचं काम म्हणूनच टिकलंय. कॅनडातल्या 'डिग्रासी ज्युनिअर हाय'मध्ये (१९८७) टोरांटोची त्याच वयाची मुलं होती, त्यांच्या वेड्यावाकड्या दातांसकट. 'माय सो-कॉल्ड लाइफ' १९९४ मध्ये आली आणि एकोणीस भागांत बंद पडली. त्यातली क्लेअर डेन्स खरोखर पंधराची होती. तिच्या कामाच्या तासांवर मर्यादा, म्हणून लेखकांना आईवडिलांना आणि मित्रांना जास्त जागा द्यावी लागली आणि मालिका त्यानेच श्रीमंत झाली. तिच्या एका भागाचं नावच 'द झिट', म्हणजे मुरूम. हनुवटीवर आलेला एक मुरूम, त्याने व्यापलेलं मुलीचं सगळं जग. त्वचेतल्या तैलग्रंथी वयात येण्याच्या हार्मोननी जाग्या होतात आणि तोंडं बुजली की मुरूम येतो, यापलीकडे त्यात काही नाही. पण पंधराव्या वर्षी ते एवढंच नसतं, आणि हे त्या लेखकांना ठाऊक होतं. आपल्याकडे १९९८ साली झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' लागायची. बारावीचा वर्ग, आणि पूरब कोहली तेव्हा एकोणीसचा. आम्ही ती बघताना वर्गातल्यांची नावं त्यांना लावायचो, कारण लावता येत होती.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला कलाकारांची जन्मसालं लिहून दिली आणि वजाबाकी करायला सांगितली. २९ आल्यावर त्याने कागद दोनदा तपासला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ लावून उभा राहिला. मेमधल्या पेन्सिलीच्या खुणेपेक्षा नवी खूण साडेचार सेंटिमीटर वर आली. त्या रात्री आम्ही 'द झिट' बघितला. भाग संपायच्या आत तो सतरंजीवरच झोपला. पांघरूण त्याला पुरत नव्हतं, दोन्ही पावलं बाहेर. घरात सगळं शांत होतं आणि त्याच्या मेंदूच्या तळाशी, दीड-दोन तासांनी एकदा, ठोका पडत होता.