रिव्हर्स प्रॉक्सी: एकेका ओळीमागचा इतिहास

रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरपुढे उभा राहून येणाऱ्या मागण्या त्याच्याकडे पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, लावायला बसलं की हाताशी तयार कॉन्फिग फाइल असते. टीएलएस १.३ (एन्क्रिप्शनसाठी), एचटीटीपी/२ आणि एचटीटीपी/३ (पानं मागण्या-देण्यासाठी), वेबसॉकेट (दोन्हीकडून संदेश पाठवायला उघडी ठेवलेली जोडणी), साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं आपोआप नूतनीकरण, प्रत्येकासाठी दोन-चार ओळी. त्या चिकटवल्या की काम भागतं, पण काही बिघडलं की नेमकं कुठे बघायचं ते सुचत नाही. यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या खऱ्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण माहीत असली तर ओळ ठेवायची की काढायची हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवातीला प्रॉक्सी वेब पाहणाऱ्याच्या बाजूला असायचा. १९९४च्या सुमारास, वेब जिथे जन्मलं त्या सर्न संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय आली, ती फायरवॉलच्या आत बसलेल्यांना बाहेरचं वेब दिसावं म्हणून. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत ते त्याआधीच एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कमार्फत पोचलं होतं. बँडविड्थ महाग होती. त्यामुळे इथे बरीच वर्षं प्रॉक्सी म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत एक लाइन दहा जणांना पुरवणारा स्क्विड नावाचा प्रोग्राम, हेच समीकरण होतं. तोच स्क्विड उलटा, म्हणजे सर्व्हरच्या पुढ्यातही उभा करता यायचा. त्याला तेव्हा ‘एक्सिलरेटर’ म्हणत.

रिव्हर्स प्रॉक्सी खऱ्या अर्थाने रुजला तो मात्र कॅशमुळे, म्हणजे उत्तरं साठवून पुन्हा वापरण्यामुळे, नाही, संथ ग्राहकांमुळे. त्या काळच्या अपाचे या वेब सर्व्हरमध्ये एका जोडणीसाठी एक अख्खी प्रोसेस अडकून पडायची. पीएचपी भाषेतल्या प्रोग्रामने पान अर्ध्या सेकंदात तयार केलं, तरी डायलअपवरचा माणूस ते अर्धा मिनिट उतरवत बसला तर तेवढा वेळ ती जड प्रोसेस नुसती ताटकळायची. शंभर-दोनशे संथ ग्राहक आले की सर्व्हरची मेमरी संपली. १९९९मध्ये डॅन केगेलने एका सर्व्हरवर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. मॉस्कोत रॅम्बलर या इंटरनेट कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएवने २००२मध्ये एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि ऑक्टोबर २००४मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. मोजक्याच प्रोसेस, प्रत्येकीकडे हजारो जोडण्या. मागच्या ॲप्लिकेशनकडून उत्तर झटकन घ्यायचं, स्वतःजवळ ठेवायचं आणि ग्राहकाला त्याच्या गतीने द्यायचं. कॉन्फिगमध्ये बफरिंगच्या ज्या ओळी दिसतात त्यांचं मूळ हे. थेट प्रक्षेपणासारख्या कामात त्याच ओळी आडव्या येतात आणि बंद कराव्या लागतात, त्याचंही कारण हेच.

मग आला एन्क्रिप्शनचा मुद्दा. एका आयपी पत्त्यावर अनेक डोमेनची सर्टिफिकेटं ठेवायची तर ब्राउझरने आधी नाव सांगायला हवं. त्यासाठीची एसएनआयची तरतूद २००३पासून होती, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला ती समजत नसल्याने वर्षानुवर्षं वापरता आली नाही. त्यात सर्टिफिकेटला पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी सेवा सर्वांसाठी खुली झाली. सर्टिफिकेट फुकट, मुदत ९० दिवस. छोटी वाचनालयं, पतपेढ्या, नाट्यसंस्था यांच्या साइटना ब्राउझरमधलं कुलूप मिळालं ते यामुळे, आणि माझ्या मते वेबच्या इतिहासात सामान्यांच्या हिताची याहून मोठी गोष्ट क्वचितच झाली असेल. त्याच वर्षी आलेल्या कॅडी या वेब सर्व्हरने सर्टिफिकेट मिळवण्याचं कामही स्वतःच्या अंगावर घेतलं.

वेगाची कथा याला समांतर चालते. एचटीटीपी/१.१मध्ये एका जोडणीवर एका वेळी एकच उत्तर यायचं, म्हणून ब्राउझर एका साइटशी सहा-सहा जोडण्या उघडायचे. गूगलने २००९मध्ये स्पीडी हा प्रोटोकॉल जाहीर केला. त्यावरून मे २०१५मध्ये एचटीटीपी/२ प्रमाणित झालं आणि सप्टेंबरमध्ये एनजिनएक्समध्येही आलं. आता एकाच जोडणीवर अनेक उत्तरं एकत्र धावू लागली, पण खाली माहितीची पाकिटं पोचवणारं जुनं टीसीपीच होतं. टीसीपी सगळं क्रमाने पोचवतं, त्यामुळे एक पाकीट हरवलं की मागची सगळी उत्तरं खोळंबतात, अंधेरीला एक लोकल बंद पडली की तिच्यामागे सगळ्या गाड्या उभ्या राहाव्यात तशी.

मुंबईतून अमेरिकेत जाऊन परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. टीसीपीची एक फेरी आणि टीएलएस १.२च्या दोन, म्हणजे पान मागण्याआधीच ६०० मिलिसेकंद गेले. ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या टीएलएस १.३ने एक फेरी वाचवली. टीसीपीची जागा घेणाऱ्या क्विक या नव्या प्रोटोकॉलने जोडणी आणि एन्क्रिप्शन एकाच फेरीत बसवलं. प्रॉक्सी मुंबईत आणि ॲप्लिकेशन परदेशात ठेवलं, तर या फेऱ्या शहरातल्या शहरात उरकतात. लांबच्या प्रवासासाठी प्रॉक्सी आधीच उघडलेली जोडणी वापरतो आणि तिथे एकच फेरी लागते.

क्विकचं काम गूगलमध्ये २०१२च्या आसपास सुरू झालं. मे २०२१मध्ये ते प्रमाणित झालं, जून २०२२मध्ये त्यावर उभं असलेलं एचटीटीपी/३. ते यूडीपी या पाकिटांच्या क्रमाची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर बांधलं, कारण वाटेतली असंख्य उपकरणं टीसीपी आणि यूडीपीपलीकडचं काही पुढे जाऊ देत नाहीत. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे जोडणीचा स्वतःचा ओळख क्रमांक. चर्चगेटच्या कचेरीतून फोन हातात घेऊन निघालेला माणूस फाटकाबाहेर पडला की वायफाय सुटतं, मोबाइल डेटा लागतो आणि आयपी पत्ता बदलतो. टीसीपीची जोडणी पत्त्यांवरूनच ओळखली जाते, त्यामुळे ती तिथेच तुटते. क्विकमध्ये क्रमांक तोच राहतो आणि उतरवणं चालू राहू शकतं. मात्र प्रॉक्सीच्या अनेक वर्कर प्रोसेस असतील, तर नव्या पत्त्यावरून आलेली पाकिटं जुन्याच वर्करकडे वळवावी लागतात. ही सोय एनजिनएक्समध्ये मुद्दाम चालू करावी लागते आणि बहुतेक तयार कॉन्फिगमध्ये ती नसते.

एनजिनएक्सच्या मुख्य शाखेत एचटीटीपी/३ मे २०२३मध्ये १.२५.० आवृत्तीपासून आलं. इथे एक चूक फार लोकांकडून होते. फायरवॉलमध्ये ४४३ पोर्ट टीसीपीसाठी उघडलेला असतो, यूडीपीसाठी नाही. ब्राउझर पहिल्यांदा सहसा टीसीपीवरूनच येतो, सर्व्हर ‘ऑल्ट-एसव्हीसी’ या हेडरमधून, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीतून, एचटीटीपी/३ची सोय असल्याचं सांगतो, ब्राउझर यूडीपीवर प्रयत्न करतो आणि उत्तर आलं नाही तर गुपचूप एचटीटीपी/२वर राहतो. साइट व्यवस्थित उघडते, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रोटोकॉलचा रकाना उघडून ‘एच३’ दिसतंय का ते पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नये.

सर्व्हर मुंबईत, वाचकही मुंबईत, अशा छोट्या साइटने आधी टीएलएस १.३ आणि एचटीटीपी/२ नीट बसवावं. एचटीटीपी/३चा फायदा पाकिटं हरवणाऱ्या मोबाइल जोडणीवर अधिक दिसतो.

मागची बाजू अजून जुन्याच काळात आहे. एनजिनएक्स मागच्या ॲप्लिकेशनशी वर्षानुवर्षं मुळात एचटीटीपी/१.० बोलत आला. म्हणून तशा आवृत्त्यांत वेबसॉकेटसाठी १.१ लिहावं लागतं आणि ‘अपग्रेड’ हेडर हाताने पुढे पाठवावा लागतो, कारण तो फक्त एका टप्प्यापुरता असतो. दहा वर्षांपूर्वीचं पीएचपी मागे तसंच चालू ठेवून पुढे एचटीटीपी/३ देता येतं, ते प्रॉक्सी या दोन काळांमध्ये उभा असल्यामुळे.

सर्टिफिकेटच्या मुदतीही आता आखडत चालल्या आहेत. एप्रिल २०२५मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवल्याप्रमाणे कमाल मुदत मार्च २०२६पासून २०० दिवस, मार्च २०२७पासून १०० आणि मार्च २०२९पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्या संस्थांना नूतनीकरण प्रॉक्सीकडे सोपवण्याची तयारी आत्ताच करावी लागेल.