प्रवाळ मत्स्यालयातील पाण्याचे बिघाड

घरातल्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ, समुद्रफुले, शंख-शिंपले आणि मासे पाळले, की त्या टाकीला प्रवाळ मत्स्यालय म्हणतात. शौकिनांच्या बोलीत ती रीफ टँक. या टाकीतल्या पाण्याचे रसायन बिघडले तर नेमके काय बिघडले हे ओळखणे, त्याचे मूळ शोधणे आणि आतल्या जिवांना धक्का न लावता ते दुरुस्त करणे हा या छंदाचा सर्वांत अवघड भाग आहे. मासे पुष्कळ काही सोसतात, प्रवाळ सोसत नाहीत. मोकळ्या समुद्रात पाण्याचा खारेपणा, त्यातले कॅल्शियम, त्याचा पीएच यांत वर्षभरात फारसा फरक पडत नाही. टाकीत मात्र दोन-तीनशे लिटर पाण्यातून प्रवाळ रोज चुना ओढतात, मासे अमोनिया सोडतात आणि वरून पाणी उडून जाते. समुद्रात जे घडायला युगे लागतील ते इथे एका आठवड्यात घडते.

भारतातल्या वाचकाने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. त्यामुळे दगडी प्रवाळांविषयी पुढे जे येते ते मुख्यतः अमेरिका, युरोप अशा ठिकाणच्या, कलमे करून वाढवलेल्या प्रवाळांच्या टाक्यांना लागू आहे. मऊ प्रवाळांच्या टाकीत चुन्याचा खप कमी असतो, पण निदानाची रीत तीच.

शब्दांचाही एक घोळ इथेच मिटवलेला बरा. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द मिठाच्या प्रमाणालाही वापरतात आणि पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या शक्तीलाही. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत टाकीला महागात पडते. म्हणून या नोंदीत पहिलीला खारेपणा आणि दुसरीला अल्कलिनिटी म्हटले आहे.

आधी मापाची खात्री

नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. अशा पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास, अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) आणि पीएच ८.१ ते ८.२ असतो. टाकीत अल्कलिनिटी थोडी चढी, ७ ते ९ च्या दरम्यान, ठेवतात. हे आकडे पाठ असले तरी ते तंतोतंत गाठण्याच्या मागे लागू नये. ७.५ वर महिनोन्‌महिने टिकलेली टाकी ही सोमवारी ७ आणि गुरुवारी १० दाखवणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी निरोगी असते.

आकडा वेडावाकडा आला की पहिला संशय पाण्यावर नव्हे, मापावर घ्यावा. खारेपणा मोजायला बहुतेक जण रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळा भाग संपून पांढरा सुरू होतो तिथला आकडा वाचायचा. हे उपकरण शुद्ध पाण्याने शून्यावर आणले तरी ३५ पाशी चुकू शकते. त्यातच अनेक स्वस्त उपकरणे समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि दीडेक अंकाने जास्त दाखवतात. म्हणून ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच ते जुळवून घ्यावे. थेंबांच्या चाचण्यांत मुदत उलटलेले रसायन, सिरिंजमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा आणि आधीच्या चाचणीचे न धुतलेले भांडे हे नेहमीचे चोर. तीच चाचणी दुसऱ्यांदा करून आकडा जुळला, तरच पुढे जावे.

आणि पुढे जायचे तेही खारेपणापासूनच, कारण बाकीचे सगळे आकडे त्याच्या मागे चालतात. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाणी उडाले तर खारेपणा ३५ वरून ३६.८ वर जातो आणि ४२० चे कॅल्शियम, काहीही न घालता, ४४२ दिसते. ही घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढायची. घट भरायला पुन्हा खारे पाणी ओतणे ही नवशिक्याची सर्वांत जुनी चूक आहे, आणि ती उघडकीला यायला दोन-तीन आठवडे लागतात.

अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम

दगडी प्रवाळ आपला सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा बांधतात. त्यासाठी लागणारे कॅल्शियम आणि कार्बोनेट ते पाण्यातून ठरावीक प्रमाणात घेतात. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम २० पीपीएमने उतरते. या एका गुणोत्तरावर निम्मे निदान उभे आहे.

समजा, चार दिवसांत अल्कलिनिटी ८.५ वरून ५.७ वर आली आणि कॅल्शियम ४२० वरून ४०० वर. पाहणाऱ्याला वाटते की कॅल्शियम ठीक आहे, अल्कलिनिटी मात्र कोसळली. प्रत्यक्षात दोन्ही अगदी हिशेबाने खर्च झाली आहेत. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचा साठा मोठा आणि अल्कलिनिटीचा लहान, म्हणून टंचाई आधी अल्कलिनिटीत दिसते. या टाकीत काहीही बिघडलेले नाही. प्रवाळ वाढत आहेत आणि त्यांना रोजचा शिधा कमी पडतो आहे, एवढेच.

कॅल्शियम जागचे हलले नाही आणि अल्कलिनिटीच उतरली, तर गोष्ट वेगळी. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते अल्कलिनिटी खाते. नायट्रेट ५० पीपीएमने वाढले की अल्कलिनिटी सुमारे २.३ डीकेएचने उतरते. अशा वेळी अल्कलिनिटी वाढवायला नुसता खाण्याचा सोडा घालत राहणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणे. आधी नायट्रेट कुठून वाढते ते पाहावे.

दोन्ही आकडे एकदम घसरले आणि प्रवाळ तर वाढलेले दिसत नाहीत, तर चुना पाण्यातून आपोआप खाली बसत असतो. हीटरच्या नळीवर पांढरे कवच चढते, पंप घरघरू लागतो, त्याचे चक्र बाहेर काढले तर बोटांना खरखरीत थर लागतो. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवला की हा थर फसफसून सुटतो. मुळात समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहू शकेल त्यापेक्षा जास्तच असते. ते स्फटिक होऊन बसत नाही याचे मोठे श्रेय मॅग्नेशियमला. वाढू पाहणाऱ्या स्फटिकात मॅग्नेशियम शिरते आणि त्याची वाढ रोखते. म्हणून कितीही सोडा घातला तरी अल्कलिनिटी टिकत नसेल, तर मॅग्नेशियम मोजावे. ते १,१०० च्या खाली गेलेले आढळले तर मूळ दुखणे तेच.

दुरुस्तीचे पदार्थ साधे आहेत. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, तिच्यात आम्ल आणि पिठूळ पदार्थ मिसळलेले असतात. तेवढ्याच पाण्यातले कॅल्शियम १० पीपीएमने वाढवायला स्फटिकजल असलेले, म्हणजे डायहायड्रेट, कॅल्शियम क्लोराइड ३.७ ग्रॅम लागते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावीत आणि वेगवेगळ्या वेळी, पंपाच्या जोरदार प्रवाहात सोडावीत. एकत्र ओतली तर पाणी ताकासारखे पांढरे होते आणि घातलेले सगळे वाया जाते. अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. कमी अल्कलिनिटीत प्रवाळ मंदावतात, पण एकदम चढवलेल्या अल्कलिनिटीत त्यांची टोके पांढरी पडतात आणि कातडी सांगाड्यावरून सुटू लागते. घाईने वाचवलेल्यापेक्षा घाईने मारलेले प्रवाळ अधिक, हे जुन्या शौकिनांपैकी कुणीही सांगेल.

रोजच्या खपासाठी चुन्याची निवळी हा जुना आणि उत्तम उपाय आहे. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन भाषक शौकिनांत तो रुजवला. आजही जगभर तिला ‘काल्कवासर’ या जर्मन नावानेच ओळखतात. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते. वरचे निवळ पाणी, उडालेल्या पाण्याच्या जागी, शक्यतो रात्री थेंबथेंब सोडायचे. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही नेमक्या हव्या त्या प्रमाणात मिळतात. ३०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडत असेल, तर तेवढ्या निवळीने रोज सुमारे १.१ डीकेएचची भर पडते. तिचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे नळी निसटून सगळी निवळी एकदम टाकीत गेली तर अनर्थ होतो. पानाच्या चुन्यातही हेच संयुग असते, पण त्यात आणखी काय आहे ते ठाऊक नसते, म्हणून तो वापरू नये.

पीएच आणि खोलीतली हवा

पहाटे ७.८ आणि दुपारी ८.२ असा पीएचचा रोजचा चढउतार स्वाभाविक आहे. दिव्याखाली शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतात, रात्री सगळेच तो सोडतात. अल्कलिनिटी योग्य असूनही पीएच दिवसभर ७.८ च्या खालीच राहिला, तर कारण बहुधा टाकीत नसून खोलीत असते. एसी लावून खिडक्या घट्ट मिटलेल्या फ्लॅटमध्ये माणसांच्या श्वासाने आणि गॅसच्या शेगडीने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो पाण्यात उतरतो. याची परीक्षा घरीच होते. टाकीतले पाणी भांड्यात घेऊन बाल्कनीत ठेवावे आणि एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत. पीएच चढला तर दोष हवेचा. मग स्किमरची, म्हणजे फेसातून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राची, हवेची नळी खिडकीबाहेर काढली की काम होते. बाटलीतले पीएच वाढवणारे औषध अशा वेळी ओतू नये. ते अल्कलिनिटी चढवते, कार्बन डायऑक्साइड येतच राहतो आणि काही तासांत पीएच पुन्हा खाली येतो.

अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट

नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर प्रवाळ घालू नयेत. जुन्या टाकीत अमोनिया दिसला तर मेलेला मासा किंवा गोगलगाय शोधावी, फिल्टर बंद पडला होता का पाहावे आणि त्याच दिवशी पाणी बदलावे. समुद्राच्या पाण्याचा पीएच चढा असल्याने अमोनियाचा विषारी अंश तिथे गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. नायट्राइटची भीती मात्र इथे कमी, कारण पाण्यातले भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी फुगलेला आकडा दाखवते, हे विसरू नये.

नायट्रेट कमी करायला पाणी बदलणे हा सरळ मार्ग, पण त्याचा हिशेब नीट करावा. २० टक्के पाणी बदलले की २० टक्केच नायट्रेट जाते. चार वेळा बदलल्यावरही मूळच्या ५० पैकी २० पीपीएम शिल्लक राहते, मधल्या काळात पडलेली भर वेगळीच. फॉस्फेट जास्त झाले तर शैवाल माजते आणि सांगाड्याची वाढ अडते. लोह ऑक्साइडचे दाणे ते शोषून घेतात. मात्र दाणे जास्त घालून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेणे हा अलीकडे वारंवार दिसणारा अपघात आहे. प्रवाळ फिके पडतात, आणि वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेल्या तारा पसरतात. त्या डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्म एकपेशीय जिवांच्या. यावर उपाय आणखी सफाई हा नसून खाऊ थोडा वाढवणे हा आहे.

ओतलेले पाणी आणि धातू

पुष्कळ बिघाड टाकीत जन्मतच नाहीत, बादलीतून येतात. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) नियंत्रक किंवा खनिजांची नळी असते. ती चवीसाठी शुद्ध पाण्यात क्षार परत मिसळते, त्यामुळे असे पाणी टाकीला चालत नाही. खनिजे परत न मिसळणारा आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावून टीडीएस शून्य आलेले पाणी घ्यावे. सिलिका आरओतून निसटते आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखे डायटम शैवाल आणते, तेव्हा रेझिन संपले असे समजावे. किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यात ते आणूच नये. नद्यांच्या पाण्याने खारेपणा उतरतो आणि गाळासोबत सांडपाणीही येते.

सगळे आकडे ठीक असून प्रवाळ मिटलेलेच राहिले, तर धातूचा संशय घ्यावा. काच पुसायच्या चुंबकाचे आवरण फुटून आतले लोखंड गंजलेले सापडते, कधी पंपाच्या पात्याची दांडी. अशा वेळी पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला, पाठवावा, दरम्यान सक्रिय कोळसा लावावा आणि पाणी बदलत राहावे. माशांच्या परजीवींवर दिले जाणारे तांब्याचे औषध अपृष्ठवंशी जिवांना मारक आहे. ते नेहमी वेगळ्या टाकीतच द्यावे. प्रवाळांच्या टाकीत ते एकदा पडले, की दगड आणि वाळू तांबे धरून ठेवतात आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे सोडत राहतात. तो दगड पुन्हा प्रवाळांसाठी वापरू नये.