गांजाची नुसती सवय लागते की व्यसन?

‘सिगारेट सुटत नाही, गांजा मात्र मनात आले की सोडता येतो,’ असे पुण्यातील महाविद्यालयांच्या आसपासच्या टपऱ्यांवर मोठ्या खात्रीने सांगितले जाते. या समजुतीला एके काळी शास्त्राचाही आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ साली असा भेद केला होता की, शरीरही ज्याच्या अधीन होते ते व्यसन आणि केवळ मनाला ज्याची ओढ लागते ती सवय. हा भेद प्रत्यक्षात निभेना, म्हणून १९६४ मध्ये संघटनेनेच तो मोडीत काढून ‘अवलंबित्व’ ही एकच संकल्पना स्वीकारली. टपरीवर तो अजून शाबूत आहे.

त्याच १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातील नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूतील पेशींवरच्या सीबी-१ नावाच्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटतो. हे ग्राही मुळात शरीर स्वतः तयार करते त्या रसायनांसाठी असतात आणि भूक, झोप, स्मरण यांच्या नियमनात भाग घेतात. बाहेरून रोज टीएचसीचा मारा होऊ लागला की पेशी ग्राहींची संख्या घटवतात आणि मग तेवढ्याच गांजाने पूर्वीसारखी किक बसत नाही. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूतील ग्राही दाखवू शकणाऱ्या प्रतिमा-चाचणीत) ही घट दिसली आहे. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ती भरून निघाल्याचेही आढळले आहे. शरीर यात गुंतत नाही, हे म्हणणे येथेच निकालात निघते.

तरीही समज टिकून राहिला, कारण टीएचसी चरबीत विरघळते, तेथे साठते आणि नियमित ओढणाऱ्यांच्या शरीरातून सावकाश, कित्येक दिवस बाहेर पडत राहते. त्यामुळे दारू अचानक तोडल्यावर हात थरथरतात तसे ठळक काही घडत नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, रोज रात्री ओढणारा एखादा मुलगा दिवाळीला गावी गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईवर विनाकारण डाफरतो, फराळाच्या ताटाला हात लावत नाही, पहाटेपर्यंत तळमळतो आणि डोळा लागलाच तर चित्रविचित्र स्वप्नांनी घामाघूम होऊन उठतो. घरचे म्हणतात, परीक्षेचे टेन्शन आहे. त्यालाही तसेच वाटते. पुण्यात परतून एक जॉइंट ओढताच सगळे निवते आणि ‘गांजाने टेन्शन जाते’ ही त्याची खात्री पक्की होते. त्या टेन्शनचा बराचसा भाग गांजा तुटल्याचाच होता, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या लक्षणांना २०१३ साली अधिकृत स्थान मिळाले.

म्हणून गांजा आणि हेरॉइन एकाच मापाने मोजावेत असे नाही. श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी-१ ग्राही विरळ असल्याने हेरॉइनच्या अतिमात्रेत श्वास थांबून मृत्यू येतो तसा गांजाने येत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत गांजा वापरलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यावर अवलंबून झाल्याचे दिसले. दारूबाबत हे प्रमाण १५, हेरॉइनबाबत २३ आणि तंबाखूबाबत ३२ टक्के होते. टपरीवरची तुलना अगदीच खोटी नाही तर! पण तंबाखूपेक्षा बरे असणे ही काही मोठी शिफारस नव्हे. शिवाय त्या पाहणीच्या काळातला गांजा सौम्य होता: अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांना धोका आणखी जास्त असतो.

गांजा सोडवणारे खास मान्यताप्राप्त औषध आज तरी नाही. समुपदेशनावरच मुख्य भिस्त असते. येरवड्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे त्यासाठी आहेत. चिडचिडीचा काळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो, झोप पूर्ववत व्हायला मात्र त्याहून जास्त दिवस लागू शकतात, हे सोडणाऱ्याइतकेच त्याच्या घरच्यांनाही आधी सांगून ठेवावे लागते.