होंग म्युंग-बो: रात्रीच्या एका भेटीतून झालेली नेमणूक

दक्षिण कोरियाचे माजी फुटबॉल कर्णधार होंग म्युंग-बो यांचं नाव निघालं की 22 जून 2002 ची ग्वांगजूमधली दुपार आठवते. विश्वचषकातला स्पेनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना गोलशून्य सुटलेला, शूटआऊटमधली शेवटची पेनल्टी कर्णधाराच्या वाट्याला आलेली. चेंडू जाळ्यात गेला आणि मैदानावर क्वचितच हसणारा हा बचावपटू दोन्ही हात पसरून धावत सुटला. चार विश्वचषक, 1994 मध्ये स्पेन आणि जर्मनीविरुद्धचे गोल, मग जपान आणि अमेरिकेतली क्लब कारकीर्द हे सगळं जाणकारांना पाठ आहे. पण 2024 मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून झालेल्या त्यांच्या नेमणुकीवरचा राग समजून घ्यायचा तर प्रशिक्षक होंग यांच्याकडेच वळायला हवं.

2012 च्या ऑलिंपिकआधी होंग प्रशिक्षक असलेल्या कोरियन संघातला एक आघाडीपटू अडचणीत होता. परदेशातल्या वास्तव्य परवान्याच्या आधारे त्याने सक्तीची सैन्यसेवा दहा वर्षं पुढे ढकलली होती आणि लोक चिडले होते. होंग पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी बसले आणि हा सैन्यात गेला नाही तर याच्या जागी मी जाईन, असं म्हणाले. कार्डिफला जपानला 2-0 हरवून कोरियाने कांस्यपदक जिंकलं, त्यातला पहिला गोल याच खेळाडूचा होता. 2014 च्या विश्वचषकात मात्र तीच निष्ठा अंगाशी आली. क्लबमध्ये फारसा न खेळलेला हाच आघाडीपटू संघात आला. अल्जीरियाकडून 2-4 असा पराभव झाला आणि साखळीत एकच गुण पदरात पडला. इंचॉन विमानतळावर चाहत्यांनी खेळाडूंच्या पायाशी ‘योत’ फेकलं. ही कोरियातली चिवट मिठाई, पण ‘योत खा’ ही तिथली शिवी आहे. होंग यांनी जुलैत राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला.

त्यानंतर चीनमध्ये ते प्रशिक्षक असलेला क्लब खालच्या श्रेणीत घसरला आणि काही वर्षं कोरियन फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात गेली. उल्सान या कोरियन क्लबने मात्र त्यांची प्रतिष्ठा परत मिळवून दिली. 17 वर्षांनी 2022 मध्ये लीगचं विजेतेपद आलं, पुढच्या वर्षी पुन्हा.

खरा गुंता 2024 चा. आशिया चषकानंतर फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाच्या जर्मन प्रशिक्षकाला काढलं आणि पुढचे पाच महिने हंगामी माणसांवर काम चाललं. नव्या प्रशिक्षकाची निवड करायची ती संघटनेच्या एका समितीने, पण जूनअखेर समितीचे प्रमुखच बाहेर पडले आणि सूत्रं तांत्रिक संचालकांकडे गेली. त्यांनी युरोपात जाऊन दोन परदेशी उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. परत आल्यावर रात्री उशिरा ते एकटेच होंग यांच्या घराजवळ जाऊन त्यांना भेटले आणि 7 जुलैला नाव जाहीर झालं. समितीतल्या एका माजी खेळाडूने तर आपल्याला हे बातम्यांतूनच कळल्याचं उघडपणे सांगितलं. परदेशी उमेदवारांनी आपला आराखडा मांडला होता, होंग यांच्याकडून तसं काही मागितलंच गेलं नाही. उल्सानच्या चाहत्यांची जखम वेगळी: काही दिवसांपूर्वीच त्यांना काळजी करू नका असं सांगितलं गेलं होतं, आणि हंगाम अर्ध्यावर असताना प्रशिक्षक निघून गेले.

संसदेत सुनावणी झाली. क्रीडा मंत्रालयाने ऑक्टोबरमध्ये तपासणीचा अंतरिम निष्कर्ष दिला: अंतिम शिफारस करण्याचा अधिकार त्या संचालकांना नव्हता, प्रक्रिया सदोष होती, मात्र करार रद्दबातल मानता येणार नाही. चूक मान्य आणि फळही कायम, असं हे उत्तर होतं. माझ्या मते लोकांचा संताप टिकला तो इथेच. होंग नालायक आहेत, असं फार थोडे म्हणतात. त्यांना निवडलं कसं, हा प्रश्न आहे, आणि 2014 ची आठवण त्याला धार देते.

मैदानावरचे निकाल मात्र वाईट नव्हते. सप्टेंबर 2024 मध्ये सोलला पॅलेस्टाईनशी गोलशून्य बरोबरी झाली तेव्हा पडद्यावर होंग दिसताच हुर्यो उठली होती. तरीही 5 जून 2025 ला बसरात इराकला 2-0 हरवून कोरियाने सलग अकराव्यांदा विश्वचषक गाठला, तोही पात्रता फेरीत एकही सामना न हरता. ऑक्टोबरमध्ये सोललाच ब्राझीलने 5-0 असं चिरडलं. चार दिवसांनी त्याच मैदानावर पॅराग्वेविरुद्ध विजय मिळाला, पण 60 हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक जेमतेम 22 हजार होते. वरच्या मजल्यावरच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या.