सिंक, सोर्स आणि खट् करणारा व्हॉल्व्ह

ट्रान्झिस्टर १९४७ चा, डार्लिंग्टन जोडी (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) १९५३ ची. पण पुण्यातल्या पॅनलवाल्यांचा त्यांच्याशी खरा झगडा सुरू झाला तो टीटीएल लॉजिक चिपा आणि ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर हातात आल्यावर.

साधं ७४०० हे टीटीएल गेट आउटपुट लो असताना १६ मिलिअँपिअर करंट पोटात घेतं (हे सिंक), हाय असताना देतं जेमतेम ०.४ (हा सोर्स). १९८० च्या ८०५१ मध्ये हाच पंक्तिप्रपंच: सिंक १.६ मिलिअँपिअर, सोर्स काही मायक्रोअँपिअर. व्हॉल्व्ह ओढणाऱ्या २४ व्होल्टच्या १० वॉट सॉलेनॉइड कॉइलला तर ४०० मिलिअँपिअरच्या वर लागतात. मग तापकीर गल्लीतून यूएलएन २००३ ही चिप आणायची: सात डार्लिंग्टन, प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर, कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवणारे डायोड आतच. (कॉमन पाय सप्लायला जोडायचं विसरलात तर ते डायोड असून नसल्यासारखे.) पण रिसेटला ८०५१ च्या सगळ्या पिना हाय होतात, आणि हाय मिळालं की यूएलएन चालू. भोसरीच्या शेडमध्ये मेन स्विच टाकला की व्हॉल्व्ह खट् करून उडायचे, ते यामुळेच. मधे एक इन्व्हर्टर (हायचं लो करणारं गेट) टाकला की आवाज बंद.

पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आल्यावर गोंधळ शब्दांचा झाला. एनपीएन आउटपुट (लोडला शून्य व्होल्टकडे जोडणारं) म्हणजे सिंकिंग, इथवर सगळ्यांचं एकमत. पण तसा सेन्सर ज्याला जोडायचा, त्या पीएलसीच्या इनपुट कार्डाला काय म्हणायचं? करंट कार्डातून बाहेर पडतो, म्हणून काही कंपन्या त्याला सोर्स म्हणतात. काही मात्र सेन्सरच्या बाजूने बघून त्याच कार्डाला सिंक. चाकणपासून पिंपरीपर्यंत जपानी आणि जर्मन मशिनं शेजारीशेजारी; पहिल्यांत बहुधा एनपीएन, दुसऱ्यांत पीएनपी, म्हणजे सोर्सिंग. कॅटलॉगमधला शब्द वाचून मागवलेलं कार्ड परत पाठवायची पाळी यायचीच.

एनपीएन आणि पीएनपी या दोन्ही पद्धती सारख्याच, असं म्हणतात. मला पटत नाही. एनपीएनमध्ये व्हॉल्व्हची आउटपुटकडची वायर घासून बॉडीला टेकली, आणि शून्य व्होल्ट अर्थ केलेला असला, की कॉइल आपोआप ओढली जाते. प्रेसवर हे कुणाच्या बोटांवर बेतू शकतं. पीएनपीमध्ये फक्त फ्यूज उडतो. एनपीएन स्वस्त आणि चपळ, म्हणून टिकला.

आता ३.३ व्होल्टचे बोर्ड आलेत, आणि पोरं त्यांच्या पिनेवर थेट आयआरएफ ५४० हा मॉसफेट (गेटच्या व्होल्टेजवर उघडणारा ट्रान्झिस्टर) लावतात. त्याचं गेट उघडायला लागतात २ ते ४ व्होल्ट, पूर्ण चालायला १०. तो अर्धवट उघडतो, मोटर कण्हते आणि हीटसिंकला हात लाववत नाही.