उष्णतारोधके, इमारतींची : निर्मिती आणि पर्यावरणीय दायित्व (सोलापूर परिसर)

इमारतीच्या छपरातून वा भिंतींतून आत येणारी उष्णता अडवणारी किंवा तिचा प्रवेश लांबवणारी द्रव्ये म्हणजे उष्णतारोधके. त्यांच्या वापराने वीज वाचते हे सर्वमान्य असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. प्रस्तुत नोंद वापराआधीच्या आणि वापरानंतरच्या टप्प्यांविषयी आहे : कच्चा माल कोठून खणला जातो, भट्टीत काय जळते, फेस फुगवायला कोणता वायू लागतो, कामगाराच्या श्वासात काय जाते आणि इमारत पाडल्यावर ते द्रव्य कोणाच्या माथी येते. हवामानाच्या दृष्टीने सोलापूर उष्ण व कोरड्या विभागात मोडते. शहराचा अक्षांश सु. १७°४०' उत्तर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि याच महिन्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे येथे रोधनाचा प्रश्न भिंतीपेक्षा छपराचा अधिक आहे.

माळवद : सोलापूर, धाराशिव व लातूर या पट्ट्यातील जुन्या घरांचे सपाट मातीचे छप्पर म्हणजे माळवद. खांबांवर तुळया, त्यांवर सर (आडवी लाकडे), सरांवर किलच्या (लाकडाच्या चिपा) किंवा तुराट्या, त्यांवर लिंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी मध्ये सवणे ठेवतात आणि पाणी पन्हळीने बाहेर काढतात. पावसाळ्यापूर्वी नवी पांढरी माती टाकून ती चोपण्याचा प्रघात होता. काटेकोर अर्थाने माती हे चांगले रोधक नव्हे. तिची उष्णतासंवाहकता खनिज लोकरीच्या (दगड वा धातुमळी वितळवून काढलेल्या तंतूंच्या रोधकाच्या) दहापटीहून अधिक असते. तथापि सु. ३० सेंमी. जाडीच्या थरातून दुपारची उष्णता आत पोचायला साधारणपणे आठ ते दहा तास लागतात, तोवर बाहेरची हवा निवलेली असते. माळवदाला रोधक म्हणावे की केवळ उष्णतासाठा करणारे छप्पर म्हणावे, याविषयी स्थापत्य-अभ्यासकांत मतभेद आहेत. रात्री थंड होणाऱ्या कोरड्या प्रदेशापुरता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो, परंतु व्यवहारात दोन्हींचा परिणाम एकच असल्याने येथे माळवदाचा समावेश केला आहे.

या छपराच्या निर्मितीत इंधन जवळजवळ जळत नाही आणि घर मोडल्यावर माती मातीत मिळते, म्हणून ते पर्यावरणदृष्ट्या निर्दोष मानण्याकडे अलीकडच्या लेखनाचा कल आहे. तो पुरता ग्राह्य नाही. पांढरी माती बहुधा जुन्या वसतिस्थानांच्या टेकाडांतून, म्हणजे गावच्या पांढरीतून, खणून आणली जाई. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिसळून ती तयार झालेली असते. दख्खनमधील अशी कित्येक टेकाडे या खणतीने पोखरली गेली व त्यांबरोबर पुरातत्त्वीय थरही गेले. शिवाय माळवदाचा भार फार मोठा असतो : ३० सेंमी. थराचे वजन दर चौ.मी.ला सु. ४५० ते ५०० किग्रॅ. भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, त्याचे एक प्रमुख कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरची ही जड छपरे असे मानले जाते. त्यानंतर या पट्ट्यात माळवदाची जागा पत्रा व सिमेंट काँक्रीटचा स्लॅब यांनी झपाट्याने घेतली आणि उष्णतेचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

औद्योगिक रोधकांचा उगम : खनिज लोकर हे सर्वांत जुने औद्योगिक रोधक होय, मात्र तिच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार एडवर्ड पॅरी याने सु. १८४० मध्ये वेल्समध्ये लोखंडाच्या भट्टीतील मळीपासून (धातू वेगळा केल्यावर उरणाऱ्या टाकाऊ द्रव्यापासून) प्रथम तंतू काढले. परंतु ते वाऱ्याच्या झुळकीनेही उडून कामगारांना इजा करीत, म्हणून हे काम सोडून द्यावे लागले, असे सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार जॉन प्लेअर याच्या १८७० च्या अमेरिकी पेटंटपासून आरंभ धरावा. तिसरे मत जर्मनीतील ओस्नाब्रुकजवळच्या गेऑर्ग्समारिएनह्युटे येथील १८७१ च्या उत्पादनाला मान देते. अमेरिकेत चार्ल्स कॉरिडन हॉल याने १८९७ च्या सुमारास मळीऐवजी चुनखडकापासून लोकर काढली, ती या वादाबाहेरची आहे. हवाई बेटांवर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे वाऱ्याने ताणलेले तंतू आढळतात व त्यांवरून ही कल्पना सुचली, असेही वारंवार लिहिले जाते. याला आधार तोकडा आहे. निर्मिती म्हणजे सलग, विक्रीयोग्य उत्पादन असा अर्थ घेतल्यास १८७१ हे वर्ष स्वीकारणे बरे. तरीही दायित्वाच्या इतिहासात पॅरीची कथा महत्त्वाची ठरते, कारण ती खरी असेल तर या उद्योगाचा पहिला प्रयत्नच कामगारांच्या आरोग्यापायी बंद पडला.

आज दगडी लोकरीसाठी बेसाल्ट सु. १,४००° ते १,५००° से.ला वितळवून वेगाने फिरणाऱ्या चाकांवर सोडतात. सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टावरच वसलेला असल्याने दगडाची वाण नाही. अडचण भट्टीच्या इंधनाची आहे, कारण परंपरेने ती कोकवर चालते आणि विजेवर चालवल्यास वीज कशापासून होते हा प्रश्न मागे उरतो. तंतूंच्या आरोग्यपरिणामाविषयीचे मत दरम्यान बदलले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये काच, दगड व मळी यांची लोकर ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातली होती; २००१ च्या फेरविचारात रोधनासाठीच्या या लोकरींचे वर्गीकरण करण्याजोगा पुरावा नसल्याचे ठरवून त्या गटातून काढल्या. कातडीला व घशाला होणारी खाज मात्र कायम आहे. तंतू चिकटवण्यासाठी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात; अलीकडे तिच्याऐवजी वनस्पतिजन्य शर्करेपासूनचे बंधक काही देशांत रुळले आहेत, ही गोष्ट साखरेच्या जिल्ह्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

फेसरूप रोधके : डाळिंब, द्राक्षे व बेदाणा यांच्या शीतगृहांत वापरले जाणारे पफ पॅनेल (फेस भरलेला तयार तक्ता) पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फेसाचे असते. त्याची रोधनशक्ती प्रामुख्याने बुडबुड्यांत कोंडलेल्या वायूवर अवलंबून असते. प्रथम सीएफसी-११ (क्लोरीन व फ्लुओरीनयुक्त कार्बनी वायू) वापरात होता; ओझोन थराला त्याचा धोका सिद्ध झाल्यावर त्याच कुळातील, ओझोनला कमी घातक एचसीएफसी-१४१बी आला आणि भारताने १ जानेवारी २०२० पासून त्याच्या आयातीचे परवाने बंद केले. त्यानंतरचे दोन मार्ग, एचएफसी (क्लोरीनविरहित फ्लुओरीनयुक्त) वायू आणि सायक्लोपेंटेन हे हायड्रोकार्बन, सारखे नाहीत. ३० चौ.मी. छपरावर ५ सेंमी. फेस बसवायचा तर दीड घनमीटर, म्हणजे सु. ५० किग्रॅ. फेस लागतो व त्यात सु. ४ किग्रॅ. वायू असतो. हा वायू एचएफसी-२४५एफए असल्यास त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सु. १,००० पट असल्याने ४ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका भार त्या एका छपरात साठतो आणि फेस कापताना, जुना होताना व अखेर मोडताना तो हळूहळू सुटतो. सायक्लोपेंटेनच्या बाबतीत हा भार नगण्य असतो, पण तो ज्वालाग्राही असल्याने कारखान्यात वायुवीजन व स्फोटरोधक यंत्रणा यांवर खर्च करावा लागतो. लहान उद्योजक येथेच अडतो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला (एचएफसी कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला) मान्यता दिली असली, तरी तीनुसार एचएफसीच्या वापराची गोठवण २०२८ मध्ये व पहिली कपात २०३२ मध्ये आहे. भट्टीच्या इंधनाची चर्चा अधिक होते. प्रत्यक्षात फेसाच्या बाबतीत वायूची निवड हाच निर्णायक मुद्दा दिसतो.

थर्मोकोल या नावाने परिचित असलेल्या पॉलिस्टायरिनमध्ये पेंटेन वापरतात, त्यामुळे वायूचा प्रश्न सौम्य आहे. त्यातील एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक स्टॉकहोम करारात (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय करारात) २०१३ मध्ये समाविष्ट झाले व भारतात २०१८ मध्ये निषिद्ध ठरले. त्यापूर्वीचा माल इमारतींत शिल्लक असणे संभवनीय आहे.

स्थानिक कच्चा माल : दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक केंद्रातून निघणारी राख ही जिल्ह्यातील सर्वांत मोठी उपलब्धी होय. राख, चुना, सिमेंट व अत्यल्प ॲल्युमिनियमची भुकटी यांपासून वाफेच्या दाबाखाली बनणारा एएसी, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटचा, ठोकळा (स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात विकसित) भाजावा लागत नाही आणि त्याची संवाहकता भाजलेल्या विटेच्या सु. एक-चतुर्थांश असते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेच्या पूर्ण वापराची जबाबदारी वीज केंद्रावर टाकली आहे. मात्र राख फुकट मिळते म्हणून ठोकळा निर्भार ठरत नाही : त्यातील सिमेंट व चुना यांचा कार्बनभार उरतोच.

उसाच्या चिपाडापासून रोधक तक्ते अमेरिकेतील लुइझियानात १९२० च्या दशकापासून बनत. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी असूनही येथे चिपाड बहुतांशी बॉयलरमध्ये जाते आणि सहवीजनिर्मितीमुळे त्याला भाव आला आहे. ते तक्त्यासाठी वळवल्यास बॉयलरला दुसरे इंधन लागेल, म्हणून त्याला टाकाऊ समजून केलेले हिशेब फसवे ठरतात. चादर व टेरी टॉवेल यांच्या कारखान्यांतील सुती कातरण व चिंध्या यांना हा आक्षेप कमी लागू पडतो. त्या पिंजून दाबल्यास नमदा (जाड दाबीव थर) तयार होतो; मात्र त्याला आग व कसर यांपासून जपण्यासाठी बोरॅक्स लागतो, आणि तो बहुतांशी आयात करावा लागतो.

नियमन : इको-निवास संहिता २०१८ (निवासी इमारतींसाठीची ऊर्जाबचत संहिता) निवासी इमारतीच्या छपराची उष्णतापारगम्यता (छपरातून पलीकडे जाणाऱ्या उष्णतेचे माप) दर चौ.मी.ला दर अंशास १.२ वॉट यापेक्षा जास्त नसावी, असे सांगते. ते छप्पर कशाचे करावे व ते द्रव्य कसे निर्माण झालेले असावे, याविषयी ती काही बंधन घालत नाही. प्लास्टिक कचऱ्याबाबतचे उत्पादकाचे विस्तारित दायित्व (वापरानंतरच्या कचऱ्याची उत्पादकावरील जबाबदारी) आवेष्टनांपुरते आहे, त्यामुळे छपरावरचा थर्मोकोल त्याच्या कक्षेत येत नाही. बांधकाम राडारोड्याविषयी २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत विस्तारित दायित्व आले आहे, परंतु ते २०,००० चौ.मी. वा अधिक क्षेत्राचे प्रकल्प उभारणाऱ्यावर आहे, रोधक बनवणाऱ्यावर नाही. सोलापुरातील पत्र्याची यंत्रमाग शेड किंवा गावठाणातील एकमजली घर त्या मर्यादेच्या फार खाली राहते.