पार्श्वभूमी : रुग्णाच्या बाजूचा वकील

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी वीसेक वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. तिसऱ्या दिवशी त्याला पुण्याच्या एका इस्पितळात आणले. भूल न देता, तीन मदतनिसांकडून पाय जोराने ओढून घेऊन हाड बसवले गेले. सात वाजेपर्यंत मॉर्फिया या वेदनाशामकाचा अंमल उतरेल असे सांगितल्याने वडील दौंडला निघाले. रात्री नऊला मुलगा गेला. मृत्यूचे कारण ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिनीत अडकणे, असे दाखवले होते. वडील स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांना ते पटले नाही. ते दाव्यात उतरले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले.

हाच ‘डॉ. लक्ष्मण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक गोडबोले’ खटला; जोशी हे उपचार करणारे डॉक्टर, गोडबोले हे वडील. निकाल १९६८ चा, भरपाई तीन हजार रुपये. पण रुग्ण स्वीकारावा का, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घ्यायलाच हवी, हे त्यातून पक्के झाले. आजही वकील युक्तिवादाला इथूनच सुरुवात करतात.

पण ज्याच्या घरात डॉक्टर नाही त्याने काय करायचे? औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर चंद्रिकाबाई खोडवा यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडी मॉप (रक्त टिपण्याचा बोळा) राहिलेला सापडला. त्या वाचल्या नाहीत. खालच्या कोर्टाने ३६ हजार दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुन्हा कायम केले. तेहतीस वर्षे! इतकी वर्षे एक फाइल सांभाळून ठेवणाऱ्या घराचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते १३ नोव्हेंबर १९९५ ला. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात आले. दिवाणी दाव्याची भरमसाट कोर्ट फी ज्यांना झेपत नव्हती ते ग्राहक मंचाकडे जाऊ लागले आणि वकिलांना हे काम पूर्णवेळ करता येईल अशी वाट झाली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांवरच्या फौजदारी कारवाईला लगाम घातला. तो योग्यच होता; भरपाईचा रस्ता त्याने बंद केला नाही.

तरी या वकिलीत माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल कागदांचा. केसपेपर रुग्णाला मिळालेच पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी ७२ तासांची मुदत घातली. त्यामुळे पक्षकार आला की पहिला अर्ज इनडोअर पेपरसाठी, म्हणजे भरती असतानाच्या नोंदींसाठी, जातो. मग ऑपरेशन नोट, भुलेचा चार्ट आणि नर्सच्या नोंदी शेजारी ठेवून घड्याळाच्या वेळा जुळवायच्या. समजा, रात्री दोनला बीपी घसरून ८०/५० झाल्याचे लिहिलेले आहे आणि डॉक्टरांना बोलावल्याची नोंद पाचची. उलटतपासणीचा पहिला प्रश्न त्या तीन तासांवर असतो.